‘रफ’ : एका शब्दाच्या कोशनोंदीचं काम, तारीखवार

मराठी माध्यमाच्या आठवी ते दहावीच्या मुलांसाठी इंग्रजी-मराठी कोश तयार होतो आहे. त्यातल्या ‘रफ’ या शब्दाच्या नोंदीचं हे टिपण. आराखड्यात या शब्दाला दीड दिवस आणि १५० शब्दांची जागा दिली होती. दिवसांचा अंदाज चुकला, आणि ठरल्या जागेत बसवायला मसुदा निम्म्याहून जास्त कापावा लागला. स्पर्श सांगणारा कुठलाही नेहमीचा इंग्रजी शब्द हाती घेतला की हीच वेळ येते, म्हणून कुठे वेळ गेला आणि काय मोडून पुन्हा केलं, ते सगळं ठेवलं आहे.

५ जानेवारी

घरात आणि वाचनालयात मिळाले ते चार इंग्रजी-मराठी कोश उघडले. चारही ठिकाणी साधारण एकच माळ : खडबडीत, खरखरीत, ओबडधोबड, राठ, कच्चा, ढोबळ, अंदाजे, उद्धट, खवळलेला. यातला एकही शब्द चुकीचा नाही. अडचण ही की कुठला शब्द कुठे लावायचा, हे माळेतून कळत नाही. मुलगा पहिला शब्द उचलतो आणि ‘खडबडीत समुद्र’ लिहून मोकळा होतो.

कामाला घेतलेलं सामान : ३ बाय ५ इंची कोरी कार्डं ३०० (१८० रुपये), पेन्सिल, रबरबँड, एक स्प्रेडशीट. मराठी बाजू तपासायला शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीवर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा मराठी कोश हे दोन्ही फुकट आहेत. मोल्सवर्थमध्ये इंग्रजी व्याख्येतला शब्द टाकून उलटा शोध घेता येतो. ‘रफ’ ज्या-ज्या मराठी शब्दांच्या व्याख्येत आला आहे ते सगळे असे एकदम समोर येतात. समानार्थी शब्द आठवत बसण्यापेक्षा हा रस्ता कितीतरी बरा. त्यात आलेले पण आज कुणी बोलत नाही असे शब्द वेगळ्या कागदावर काढले.

७ जानेवारी

उदाहरणं गोळा करण्याचा दिवस आणि पहिला मोठा घोटाळा. शालेय वाचनमाला, हवामानाची पत्रकं, यंत्रांच्या पुस्तिका, जुन्या वर्तमानपत्रांचे मजकूर असा सगळा ढीग एका फाइलमध्ये टाकून शोध घेतला. ११४० वाक्यं आली. आनंद तासभर टिकला. शोध अक्षरांचा होता, शब्दाचा नव्हता. आर-ओ-यू-जी-एच ही पाच अक्षरं ओळीने थ्रू, ब्रॉट, ड्राउट, बरो, थरो, ट्रॉफ, इतकंच काय, रॉट आयर्नच्या ‘रॉट’मध्येही बसलेली आहेत. ‘थ्रू’नेच निम्म्याहून जास्त जागा खाल्ली होती.

‘पूर्ण शब्द जुळवा’ हा पर्याय चालू करून पुन्हा शोधलं. २०६ वाक्यं उरली. पण आता उलटी चूक झाली : रफर, रफेस्ट, रफली, रफनेस, रफन आणि भूतकाळी रफ्ड गळून गेले. ते एकेक करून वेगळे शोधले, ४७ मिळाले. एकूण २५३. त्यातली पुन्हा आलेली २२ काढली. २३१ कार्डं लिहून झाली. या गोंधळात सहा तास गेले. स्कॅन केलेल्या जुन्या पानांत ‘टफ’चं ‘रफ’ झालेलंही तीनदा सापडलं, म्हणून अशा पानावरचं प्रत्येक वाक्य मूळ चित्राशी ताडून पाहावं.

१० जानेवारी

कार्डांची पहिली वाटणी मराठी प्रतिशब्दांवरून केली. खडबडीतचा गठ्ठा, कच्च्याचा गठ्ठा, अंदाजेचा गठ्ठा. दुपारपर्यंत मोडली. ‘रफ स्केच’ कच्च्यात टाकावं की ढोबळात? दोन्ही शब्द चालतात. ‘रफ रोड’ खडबडीतमध्ये गेलं, पण त्याच वाक्यात पुढे प्रवास त्रासाचा झाल्याचं लिहिलं होतं. मुख्य म्हणजे या वाटणीत आपणच आधी भाषांतर करतो आणि मग त्या भाषांतराचे गठ्ठे घालतो. इंग्रजी शब्द काय करतो आहे हे बघायचं राहूनच जातं. सगळी कार्डं पुन्हा एकत्र केली.

१३ जानेवारी

दुसरी वाटणी शेजारच्या नामावरून. रोड, स्किन, क्लॉथ, सी, वेदर, एस्टिमेट, आयडिया, ड्राफ्ट, डायमंड, प्ले, टाइम, पॅच. ४० गठ्ठे झाले, त्यांतले कितीतरी एका कार्डाचे. नोंद म्हणून हे चालणार नाही. पण हे काम वाया गेलं नाही. कुठलं नाम ‘रफ’सोबत पुन्हापुन्हा येतं याची यादी झाली आणि शेवटच्या मसुद्यात चौकटी कंसात जी नामं दिली ती इथूनच आली. यादी स्प्रेडशीटमध्ये ठेवून कार्डं परत मोकळी केली.

१६ जानेवारी

आजची युक्ती चालली. प्रत्येक कार्डाच्या मागे त्या वाक्यातल्या ‘रफ’चा विरुद्ध शब्द लिहायचा. मराठी नाही, इंग्रजीच. रफ रोडच्या उलट स्मूद. रफ सीच्या उलट काम (म्हणजे शांत). रफ हँडलिंगच्या उलट जेंटल. रफ व्हॉइसच्या उलट सॉफ्ट. रफ एस्टिमेटच्या उलट एक्झॅक्ट. रफ कॉपीच्या उलट फेअर. रफ टाइमच्या उलट ईझी. आणि ‘आय फील रफ’ या ब्रिटिश बोलीतल्या वाक्याच्या उलट वेल. आठ गठ्ठे, आणि २३१ पैकी २०९ कार्डं त्यांत न ओढाताण करता बसली.

हे का चाललं ते लिहून ठेवतो, कारण पुढच्या शब्दांना हीच पद्धत लावणार आहोत. शब्दाचे अर्थ एकमेकांत मिसळतात, पण त्यांचे उलट अर्थ सहसा मिसळत नाहीत. ‘रफ स्केच’ कच्चं की ढोबळ, हा वाद इथे लगेच मिटतो : उलट ‘फिनिश्ड’ असेल तर कच्चं, ‘एक्झॅक्ट’ असेल तर ढोबळ. वाक्यच सांगतं. शिवाय मराठीचे स्वतःचे जोड शब्द आपोआप समोर येतात. कच्चं-पक्कं ही जोडी फेअरच्या गठ्ठ्याला अशी चपखल बसते की तिथे समजावून सांगायला काही उरत नाही.

२२ कार्डं उरली. अकरा ‘रफ नेबरहूड’, ‘रफ क्राउड’ अशी. तिथे उलट ‘सेफ’ येतं. ती जेंटलच्या गठ्ठ्याला जोडली, कारण दोन्हीकडे धोका अंगाला इजा होण्याचाच आहे. ‘रफ जस्टिस’ची तीन कार्डं दोन गठ्ठ्यांत पाय ठेवून उभी आहेत : न्याय ढोबळमानाने झाला असाही अर्थ आणि तो कठोरपणे, रीतसर चौकशीशिवाय झाला असाही. त्यांना नोंदीत वेगळी ओळ द्यायची ठरलं. उरलेली आठ पुढच्या कामासाठी बाजूला.

१९ जानेवारी

स्मूदच्या गठ्ठ्यात सर्वांत जास्त कार्डं आहेत आणि मराठीची खरी श्रीमंती तिथेच आहे. इंग्रजी एका ‘रफ’वर भागवते तिथे मराठीत खडबडीत, खरखरीत, खरबरीत, राठ, भरड, जाडंभरडं, ओबडधोबड, टोचरं असे शब्द आहेत, आणि बोलणारा माणूस त्यांची अदलाबदल करत नाही. यांतला फरक कागदावर भांडून ठरवण्यापेक्षा हातानेच ठरवावा म्हणून स्पर्शपेटी केली. बुटाच्या खोक्याला हात जाईल एवढं भोक, आत एका वेळी एक वस्तू. ८० नंबरचा जाड पॉलिश पेपर, ३२० नंबरचा बारीक पॉलिश पेपर, काथ्याचं पायपुसणं, घोंगडीचा तुकडा, साबण नीट न निघता उन्हात वाळलेला टॉवेल, भाजक्या विटेचा तुकडा, घोसाळ्याची वाळलेली जाळी, फणसाची साल आणि टाकी लावलेल्या जुन्या पाट्याचा फुटका कोपरा. खर्च १४५ रुपये, बहुतेक पायपुसण्याचा.

पहिली फेरी पूर्ण वाया गेली. हात घालणाऱ्याला ‘हे खडबडीत आहे का?’ असं विचारलं आणि सगळे ‘हो’ म्हणाले. तोंडात शब्द दिला की माणूस तोच परत देतो. दुसऱ्या फेरीत फक्त ‘कसं लागतंय?’ एवढंच विचारलं. तरी उत्तरं विस्कळीत आली, कारण कुणी वस्तू दाबत होतं, कुणी चोळत होतं. तिसऱ्या फेरीत प्रत्येकाला आधी तळवा नुसता ठेवायला सांगितलं, मग बोटं घासायला.

फरक तेव्हा उलगडला. तळवा ठेवल्यावर पाट्याच्या कोपऱ्याला ‘खडबडीत’ आलं, आणि बोटं घासल्यावरही तेच राहिलं. ८० नंबरच्या पेपरला नुसत्या तळव्याने कुणी काही ठाम बोललं नाही, बोटं फिरवताच ‘खरखरीत’. ३२० नंबरला तळव्याने ‘गुळगुळीत’ आणि घासल्यावर ‘जरा खरखरीत’. म्हणजे खडबडीत हा उंचसखलपणाचा शब्द आहे, डोळ्यांनाही तो दिसतो. खरखरीत घासल्यावरच कळतं, कारण त्या शब्दात खरखर आवाज आहे. म्हणूनच रस्ता खडबडीत असतो, खरखरीत नसतो. आणि पायाची भेगाळलेली टाच खरखरीत असते.

टॉवेलला ‘कडक’ आणि ‘खरखरीत’ दोन्ही आले. पायपुसण्याला ‘राठ’ आणि ‘टोचरं’. राठ हा शब्द केस, धागा, कातडी, कष्टाचे हात यांना लागतो : जे मऊ असायला हवं होतं आणि राहिलं नाही ते राठ. दगडाला कुणीच राठ म्हणालं नाही. विटेवर ‘खरबरीत’ आणि ‘खरखरीत’ निम्मे-निम्मे वाटले गेले, तो फरक आम्ही सोडून दिला आणि नोंदीत खरखरीतच ठेवलं. फणसाची साल ‘काटेरी’, घोंगडी ‘टोचते’. या दोन्ही वस्तू पेटीतून काढून टाका, त्यांनी ‘रफ’बद्दल काही सांगितलं नाही. भरड हा शब्द एकदाही आला नाही, आणि तेही बरोबरच आहे. तो दळण्याशी आणि धान्याशी बांधलेला आहे : भरड पीठ, भरड धान्य. त्याची जागा जाडंभरडं या अर्थाच्या ‘कोर्स’ या शब्दाच्या नोंदीत आहे.

पाट्याच्या कोपऱ्यावरून ‘रफन’ या क्रियापदाचं कोडंही सुटलं. कोशात ‘खडबडीत करणे’ लिहिलेलं असतं आणि वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, चांगली वस्तू कुणी खडबडीत का करील? पाटा किंवा जातं वापरून गुळगुळीत झालं की वाटण, दाणा नुसता घसरतो, म्हणून छिन्नी-हातोडीने त्याला टाकी लावतात. पंक्चर काढताना ट्यूब आधी घासून घेतात, मग सोल्यूशन लावतात. गुळगुळीत रबरावर ठिगळ धरत नाही. गिलाव्याआधी काँक्रीटला खाचा पाडतात, नाहीतर गिलावा पोकळ राहून सुटतो. तिन्हीकडे इंग्रजीत ‘रफन’. नोंदीत ट्यूबचं उदाहरण घेतलं, कारण मुलांनी ते सायकलच्या दुकानात पाहिलेलं असतं.

२२ जानेवारी

कामचा गठ्ठा : समुद्र, हवा, विमानप्रवास. पहिल्या मसुद्यात ‘रफ सी’ला ‘उधाणलेला समुद्र’ लिहिलं होतं. वाचायला छान, पण चूक. किनाऱ्यावर उधाण ही भरतीची गोष्ट आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला मोठी भरती येते ती उधाणाची, अष्टमीच्या सुमाराला लहान येते तो भांग. उधाणाच्या दिवशीही वारा पडलेला असेल तर समुद्र शांत असू शकतो, आणि भांगातही वारा सुटला तर होडी बाहेर काढता येत नाही. ‘रफ’ लाटांबद्दल बोलतो, पाण्याच्या पातळीबद्दल नाही. शब्द बदलून ‘खवळलेला’ केला.

हवामानाच्या पत्रकांत हा शब्द मोजमापाचा आहे. जागतिक हवामान संघटनेच्या समुद्रस्थितीच्या कोष्टकात ‘रफ’ ही पाचवी पायरी, लाटा २.५ ते ४ मीटर; ‘व्हेरी रफ’ सहावी, ४ ते ६ मीटर. त्याखालची चौथी पायरी ‘मॉडरेट’, १.२५ ते २.५ मीटर. म्हणून पत्रकाचं भाषांतर करताना कधी खवळलेला, कधी तुफानी, कधी रौद्र असे अलंकार बदलत बसू नये. रफला खवळलेला, व्हेरी रफला अतिशय खवळलेला, आणि तेच शेवटपर्यंत. मच्छीमाराला त्या एका शब्दावरून निर्णय घ्यायचा असतो.

२५ जानेवारी

फेअर-फिनिश्डचा गठ्ठा. इथे स्पर्शाचा अर्थ धरून बसलं की फसायला होतं, आणि आम्ही फसलो. ‘रफ डायमंड’चं पहिलं भाषांतर ‘खडबडीत हिरा’ असं कार्डावर लिहून गेलं होतं. खाणीतून आलेल्या हिऱ्याच्या स्फटिकाचे पैलू कितीदा हाताला चक्क गुळगुळीत लागतात. रफ म्हणजे न कापलेला, पैलू न पाडलेला. सुरतेत आणि मुंबईच्या हिरेबाजारात तर नुसतं ‘रफ’ म्हटलं की कच्चा हिरा. २००३ पासून लागू झालेली किंबर्ली प्रक्रिया ही आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र व्यवस्था याच कच्च्या मालाच्या व्यापारासाठी आहे, पैलू पाडलेले हिरे तिच्या बाहेर. मराठीत ‘कच्चा हिरा’ हेच बरोबर.

फरशीच्या दुकानात ‘रफ शहाबादी’ आणि ‘पॉलिश शहाबादी’ असे दोन भाव असतात. इथे दोन्ही अर्थ खरे : पॉलिश न केलेली म्हणून कच्ची, आणि थर सुटताना राहिलेल्या उंचसखल पृष्ठभागामुळे हाताला खडबडीत. अंगणात, न्हाणीत ती मुद्दाम घेतात, पाय घसरत नाही. हे उदाहरण नोंदीत घ्यायचा मोह झाला होता, पण एका उदाहरणात दोन अर्थ आले की शिकणारा गोंधळतो. काढून टाकलं.

लेथवर (धातू फिरवून कापायच्या यंत्रावर) ‘रफिंग’ म्हणजे पहिला जाड कट. नको असलेला धातू भराभर उडवायचा, मग थोडंसं माप राखून ‘फिनिशिंग’चा बारीक कट. याच कारखान्यात ‘सरफेस रफनेस’ हा शब्द मात्र वेगळ्या गठ्ठ्यातला आहे. ते मोजायचं माप आहे, मायक्रोमीटरमध्ये. ड्रॉइंगवर ०.८ लिहिलेला ग्राइंडिंगचा भाग हाताला आरशासारखा लागतो, तरी त्याला ‘रफनेस’ आहेच. तिथे ‘खडबडीतपणा’ लिहिलं तर वाक्यच हास्यास्पद होतं. ‘पृष्ठभागाचा खरखरीतपणा’ ठेवलं. जीवशास्त्रात उलट : पेशीतल्या आंतर्द्रव्यजालिकेवर रायबोसोमचे कण चिकटलेले दिसतात म्हणून ती ‘खडबडीत’. ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नुसती दिसते, हात लावायचा प्रश्नच नाही. पाठ्यपुस्तकात रूढ झालेला शब्द बदलायचा नाही, तो नियम पाळला.

खेळातले दोन ‘रफ’ नाम आहेत. गोल्फमध्ये कापलेल्या फेअरवेच्या कडेचं वाढलेलं गवत. क्रिकेटमध्ये गोलंदाजाच्या बुटांनी उखडलेला खेळपट्टीचा भाग. हा दुसरा नीट सांगायला अर्धा दिवस लागला. उजव्या हाताचा गोलंदाज ओव्हर द विकेट टाकून पुढे पळतो तेव्हा त्याच्या पावलांनी जे उखडतं, ते त्या टोकाला उभ्या राहणाऱ्या उजव्या फलंदाजाच्या लेग स्टंपबाहेर आणि डावखुऱ्याच्या ऑफ स्टंपबाहेर येतं. म्हणूनच चौथ्या-पाचव्या दिवशी फिरकी गोलंदाज चेंडू तिथे टाकायला बघतो. आमच्या पहिल्या मसुद्यात लेग आणि ऑफ उलटे झाले होते. कागदावर खेळपट्टी काढून, दोन पेन्सिली स्टंप म्हणून ठेवून पाहिल्यावर लक्षात आलं. मुलं ही चूक पहिल्या मिनिटाला पकडतील, म्हणून अशा ओळी खेळणाऱ्याकडून वाचून घ्याव्यात.

२८ जानेवारी

बाजूला ठेवलेल्या आठ कार्डांपैकी पाच कुत्र्यांची निघाली. ‘रफ कोली’ ही कुत्र्याची जात, आणि तिच्या अंगावरचे केस लांब नि भरघोस असतात. आखूड केसांची ती ‘स्मूद कोली’. म्हणजे इथे रफ म्हणजे लांबकेशी. आणखी एक कार्ड ‘रफ-लेग्ड बझर्ड’ या शिकारी पक्ष्याचं : त्याचे पाय बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले असतात. हा शब्दाचा फार जुना अर्थ आहे. जुन्या इंग्रजीतलं रूप ‘रूह’, डच आणि जर्मनमध्ये त्याचे भाऊबंद आजही आहेत, आणि केसाळ हा अर्थ त्या घराण्यात आधीपासून आहे. शेवटचा जी-एच हा मुळात घशातून काढलेला ख सारखा आवाज होता. रफ, टफ, इनफमध्ये त्याचा फ झाला, थ्रू आणि दो (‘जरी’ या अर्थाचा) यांमध्ये तो गळाला. उच्चाराबद्दल नोंदीत एवढीच ओळ दिली, कारण मुलं ‘रॉघ’ वाचतात.

३१ जानेवारी

क्रियापदं आणि वाक्प्रचार. ‘रफ आउट’ : कच्चा आराखडा काढणं. ‘रफ अप’ : मारहाण करणं. ‘रफ इट’ : गैरसोयीत दिवस काढणं. ‘रफ इन’ हे बांधकामातलं, भिंतीत पाइप-वायर टाकून ठेवायची आणि नळ-बटणं गिलाव्यानंतर बसवायची. शाळकरी कोशात नको म्हणून वगळलं. ‘स्लीप रफ’ : उघड्यावर झोपणं. इथे रफ क्रियाविशेषण आहे, ‘रफली’ चालत नाही. ‘स्लीप रफली’ लिहिणारे बरेच भेटतात, म्हणून इशारा दिला. ‘रफ अँड रेडी’ला ‘कामचलाऊ’ हा शब्द जणू मापाने शिवलेला आहे. ‘कट अप रफ’ : भडकणं, तोही ब्रिटनकडचाच.

इथली खरी चूक हिऱ्यांचीच. ‘रफ डायमंड’ आणि ‘डायमंड इन द रफ’ हे दोन्ही एकाच ओळीत टाकले होते. ब्रिटिश वापरात पहिला म्हणजे बोलायला-वागायला रांगडा पण मनाने चांगला माणूस. आपण त्याला फणसासारखा म्हणतो, वरून काटेरी, आत गरे. दुसरा अमेरिकेत जास्त चालतो आणि त्यात भर गुणांवर आहे, अजून पारख न झालेल्या. दोन ओळी केल्या.

३ फेब्रुवारी

मराठीतला ‘रफ’. हा शब्द आता आपलाही आहे, आणि मराठीत तो थोडा सरकला आहे, हे कोशात सांगायलाच हवं. शाळेत ‘रफ वही’ आणि ‘फेअर वही’ ही जोडी इंग्रजीतून जशीच्या तशी आली. उत्तरपत्रिकेत ‘रफ वर्क’ला ‘कच्चं काम’ हा शब्द आहेच. पण ‘रफ वापराला चांगली चप्पल’, ‘ही पँट रफ आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा टिकाऊ, कशीही वापरली तरी चालणारी असं म्हणायचं असतं. इंग्रजीत पँटबद्दल नुसतं ‘रफ’ म्हटलं तर कापड अंगाला टोचतं असा अर्थ होईल. मुलगा मराठीतला अर्थ इंग्रजी निबंधात नेतो आणि उलटंच लिहून बसतो. म्हणून शेवटी ‘जपून’ अशी खूण करून एक ओळ. ‘तो फार रफ बोलतो’ मात्र दोन्हीकडे जवळपास एक : तोडून, उद्धटपणे.

‘रफू’चा संबंध लावायचा मोह होतो. तो फारसीतून आलेला, फाटलेलं कापड धाग्याने असं विणायचं की जोड दिसू नये. घराणं वेगळं, अर्थ जवळपास उलटा. दोन तास त्यावर घालवायची गरज नव्हती.

६ फेब्रुवारी

मसुदा १४ मुलांना दिला (नववी, मराठी माध्यम), सोबत दहा इंग्रजी वाक्यं. हात, समुद्र, अंदाज, प्रत या चार ठिकाणी सगळ्यांनी बरोबर शब्द निवडला. ‘शी हॅड अ रफ टाइम ॲट स्कूल’ इथे नऊ जण पडले. ‘शाळेत तिच्याकडे अंदाजे वेळ होता’ असं लिहिलं. टाइम दिसल्यावर त्यांनी अंदाजे हा अर्थ ओढला, कारण मसुद्यात तो अर्थ आधी होता आणि उदाहरण होतं ‘रफ एस्टिमेट ऑफ टाइम’. म्हणजे चूक आमच्या उदाहरणाची. उदाहरण बदलून खर्चाचं घेतलं, आणि प्रत्येक अर्थाआधी चौकटी कंसात सोबतची नामं घातली, १३ जानेवारीच्या यादीतून. तीच वाक्यं तीन दिवसांनी दुसऱ्या वर्गातल्या १४ मुलांना दिली. त्या वाक्यावर दोनच पडले.

‘रफ पॅच’वर अजून निम्मे अडतात, कारण ते जमिनीबद्दलही येतं आणि वाईट दिवसांबद्दलही. ‘गो थ्रू’ सोबत असेल तर वाईट दिवस, ही खूण दिली आहे.

१० फेब्रुवारी

मसुदा ४१० शब्दांचा होता. कापून १५० च्या आत आणला. जागा तेवढीच होती. गोल्फ, लेथ, कोली वगळले, क्रिकेट ठेवलं. छापायला गेलेला मजकूर असा :

रफ (उच्चार : शेवटचा आवाज फ). १. [रोड, ग्राउंड, स्टोन] खडबडीत, उंचसखल. [स्किन, पेपर, टंग] खरखरीत. [हेअर, हँड्स] राठ. उलट : स्मूद. २. [सी, वेदर] खवळलेला, वादळी. [फ्लाइट] हादरे बसणारा. उलट : काम. ३. [हँडलिंग, प्ले] दांडगाईचा, धसमुसळा, [एरिया] गुंडगिरीचा. उलट : जेंटल, सेफ. ४. [व्हॉइस] घोगरा, जाडाभरडा. उलट : सॉफ्ट. ५. [कॉपी, ड्राफ्ट, डायमंड] कच्चा. उलट : फेअर, फिनिश्ड. ६. [टाइम, डे, इयर] कठीण, हालाचा; गो थ्रू अ रफ पॅच : वाईट दिवसांतून जाणे. उलट : ईझी. ७. [एस्टिमेट, आयडिया] ढोबळ, अंदाजे : खर्चाचा ढोबळ अंदाज. उलट : एक्झॅक्ट. ८. (ब्रिटिश बोली) फील रफ : बरं नसणे. रफ जस्टिस : ढोबळ किंवा कठोर न्याय. नाम (क्रिकेट) : बुटांनी उखडलेला खेळपट्टीचा भाग. क्रियाविशेषण, स्लीप रफ : उघड्यावर झोपणे (‘रफली’ नव्हे). क्रियापदं, रफन : घासून खरखरीत करणे, उदा. पंक्चरची ट्यूब, रफ आउट : कच्चा आराखडा काढणे, रफ अप : मारहाण करणे. रफ अँड रेडी : कामचलाऊ. रफ डायमंड : फणसासारखा माणूस. डायमंड इन द रफ : पारख न झालेला हिरा. जपून : मराठीत ‘रफ’ म्हणजे टिकाऊ, इंग्रजीत नाही.

हिशोब : कार्डं १८०, पेटीतल्या वस्तू १४५, मसुद्यांच्या झेरॉक्स ९६, एकूण ४२१ रुपये. वेळ ५८ तास. त्यातले साधारण १७ तास वाया : चुकीचा शोध, मोडलेल्या दोन वाटण्या, पेटीच्या पहिल्या दोन फेऱ्या आणि रफू.

१२ फेब्रुवारी

पुढचा शब्द ‘स्मूद’. ‘रफ’ची नोंद उलटी केली की झालं, असा हिशोब होता. पहिल्या ६० कार्डांतच तो मोडला. ‘अ स्मूद टॉकर’ गोडबोल्या, आणि त्यात संशयाची छटा आहे. ‘स्मूद’ला उलट शब्द लावायला घेतले तर रफ येतो फक्त एकवीस कार्डांवर. बाकी ठिकाणी लंपी, जर्की, बंपी, ऑनेस्ट. स्पर्शपेटी तीच वापरणार आहोत, आत आता शाळिग्राम, साबणाची वडी, केळीचं पान आणि घोटून गुळगुळीत केलेला लाकडाचा तुकडा. विचारायचा प्रश्न तोच, ‘कसं लागतंय?’